तहानेआधीची विहीर

२०२० चा मे महिना. टाळेबंदी. भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, चार दिवस म्हणून आमच्याकडे औरंगाबादला आली होती, ती इथेच अडकली. शहराला तेव्हा अजून छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळायचं होतं. तिच्या कॉलेजची लॅब बंद, आणि आमच्या घरात चालता असा एकच लॅपटॉप, त्यावर उबुंटू १६.०४. वडिलांच्या कपाटात निर्णयसागर छापखान्याच्या टायपातलं एक जुनं पुस्तक होतं. पानं पिवळी पडून कडांनी तुटायला लागली होती. मी त्याचं एकेक पान स्कॅन करत होतो, इंचाला ३०० ठिपके, प्रत्येक पानाची पीएनजी फाइल. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर करून देणारा टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम आहे. तो तिने सोर्स कोडपासून तयार करायचा, असं आम्ही ठरवलं.

सकाळी नऊला बसलो. दुपारी अडीचच्या सुमारास काम संपलं, शेवटी एकही एरर उरला नव्हता. तिने पहिलं पान दिलं. उत्तर आलं: ‘पिक्स रीड स्ट्रीम पीएनजी’, फंक्शन नॉट प्रेझेंट.

“मामा, स्कॅनच बिघडलंय का?”

“फाइल उघडतीये की नीट. हे बघ.”

“मग हे काय म्हणतंय?”

ते म्हणत होतं, पीएनजी चित्र वाचायची सोयच माझ्यात नाही. साडेपाच तास खपून तयार केलेला प्रोग्राम आमच्या एकाही पानाला हात लावू शकत नव्हता. चूक अडीच वाजता झालेली नव्हती. ती सकाळीच, पूर्वतयारीच्या एका आज्ञेत होऊन गेली होती.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून बसलो आहे. सोर्सपासून सॉफ्टवेअर तयार करताना सुरुवातीला जी पूर्वतयारीची यादी दिलेली असते, हे बसवा, ते बसवा, ती खऱ्या कामाआधीची कटकट नव्हे. अर्धं काम तेच आहे. आणि ती यादी नुसती चिकटवून एंटर मारण्यासाठी नसते, तिच्यातलं प्रत्येक नाव कशासाठी आहे हे कळून घेण्यासाठी असते.

मुळात सोर्सपासून तयार करायची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. उबुंटूसारख्या व्यवस्थेत हजारो प्रोग्राम आयते मिळतात. एपीटी नावाची आज्ञा दिली की पॅकेज उतरतं आणि बसतं. सोपा मार्ग असेल तर तोच घ्यावा. पण १६.०४ च्या भांडारात टेसरॅक्टची ३.०४ ही आवृत्ती होती, आणि आम्हाला चौथी हवी होती. टेसरॅक्टचा जन्म ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत, १९८५ ते १९९४ या काळातला. २००५ मध्ये तो मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुला झाला आणि पुढच्याच वर्षापासून गुगलने त्याचा सांभाळ केला. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या चौथ्या आवृत्तीने अक्षरं ओळखायची पद्धतच बदलली. आधी तो एकेक अक्षर सुटं करून ओळखायला बघे, आता न्यूरल नेटवर्कने सबंध ओळ वाचतो. शिरोरेषेने एकमेकांना बांधलेल्या आपल्या अक्षरांसाठी हा फरक लहान नाही. लॅपटॉपवरचं उबुंटूच नवं करायचं तर मोबाइलच्या डेटावर काही जीबी उतरवावे लागले असते. म्हणून सोर्स.

सोर्स म्हणजे माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. पण आजचा कुठलाही मोठा प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. चित्र उघडायचं काम एका लायब्ररीचं, दाबून लहान केलेली माहिती मोकळी करायचं दुसरीचं, अक्षरं मांडायचं तिसरीचं. सोर्सच्या गठ्ठ्यात या लायब्ररी नसतात. त्या तुमच्या मशीनवर आधीच असतील, असं धरूनच तो लिहिलेला असतो.

आमच्या शहरात हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. खाम नदीच्या काठी, बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. शाळेच्या सहली येतात, मुलं कठड्याला टेकून हौदात पडणारं पाणी बघतात आणि दळणाचं जातं कुठंय ते विचारतात. खरी करामत त्या आवारात नाहीच. ती डोंगराकडून शहरात आलेल्या, जमिनीखालच्या मातीच्या नळांत आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या खडकीत, नहरींनी पाणी खेळवलं. त्याच्यानंतरही अशा नहरी होत राहिल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच, आणि चक्की १७४४ च्या सुमाराची, तुर्कताज खानाच्या नावावर सांगितली जाते. नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात कोसळतं आणि खालचं पात्यांचं चक्र फिरवतं. आधी चक्की बसवून मग पाणी शोधायला कुणी निघालं नव्हतं. जायकवाडीच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट बघणाऱ्या या गावात, तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात डोंगरापर्यंत जाऊन पाणी आहे का ते बघून येणाऱ्या माणसाचं नाव कॉन्फिगर. सोर्सच्या गठ्ठ्यात या नावाची एक स्क्रिप्ट असते. ती चालवली की ती मशीनभर फिरते. कंपायलर आहे का, चालतो का, अमुक लायब्ररी आहे का, असेल तर कुठली आवृत्ती. एकेका ओळीत प्रश्न, आणि ओळीच्या शेवटी येस किंवा नो. या ओळी भराभर वर सरकतात आणि आपण चहा आणायला उठतो. मीही उठलो होतो.

आता ती यादी. टेसरॅक्टच्या पूर्वतयारीतलं पहिलं नाव कंपायलरचं. उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एक पॅकेज घेतलं की सी आणि सी++ चे कंपायलर, मेक हा कामाचा क्रम सांभाळणारा प्रोग्राम आणि सीच्या मूळ लायब्ररीची हेडर्स एकदम मिळतात. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही; ते बसवावंच.

मग ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग. पहिली तिन्ही अवजारं आहेत, ती कॉन्फिगरची स्क्रिप्ट घडवतात. चौथं नाव साधं दिसतं, पण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतं ते हेच. पीकेजी-कॉन्फिग हा मशीनवरच्या लायब्ररींचा पत्ता सांगणारा प्रोग्राम. प्रत्येक लायब्ररी एक छोटी फाइल ठेवते, तिच्या नावाच्या शेवटी ‘.पीसी’. मी कोणती आवृत्ती, माझी हेडर्स कुठे, मला जोडायचं कसं, एवढंच तिच्यात असतं. पीकेजी-कॉन्फिग बसवायचं राहिलं, तर ‘पीकेजी-कॉन्फिग नाही’ असा सरळ निरोप येईलच असं नाही. टेसरॅक्टच्या बाबतीत बऱ्याचदा येतं ते असं: कॉन्फिगरच्या अमुक ओळीवर सिंटॅक्स एरर, ‘लेप्टोनिका’ या शब्दापाशी. (ही टेसरॅक्टला लागणारी एक लायब्ररी, तिच्याविषयी पुढे.) वाचणाऱ्याला वाटतं, फाइलच चुकीची लिहिली आहे, किंवा ती उतरवताना तुटली. तो पुन्हा उतरवतो, पुन्हा तेच. खरी गोष्ट अशी की कॉन्फिगर ज्या साच्यातून तयार होते, त्यात ‘लेप्टोनिका कुठे आहे विचार’ असा एक संक्षेप असतो. तो उलगडून कसा लिहायचा हे पीकेजी-कॉन्फिगच्या पॅकेजमधून समजतं. पॅकेज नसलं की संक्षेप तसाच राहतो आणि मशीनला तो वाचता येत नाही. एरर दाखवतो एका ठिकाणी, उणीव असते दुसरीकडेच. हे एकदा अनुभवलं की माणूस एररमधल्या शब्दांवर लगेच विश्वास ठेवत नाही. आधी त्याच्या मागे जातो.

यानंतर यादीत ओळीने येतात ती ‘-डेव्ह’ अशा शेपटीची नावं. लिबपीएनजी-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह. विद्यार्थी इथेच हमखास विचारतात, आणि आमच्या भाचीनेही विचारलं: पीएनजी तर या लॅपटॉपवर उघडतंच आहे, म्हणजे लिबपीएनजी आहेच, मग पुन्हा कशाला बसवायचं?

प्रश्न चांगला आहे. लिबपीएनजी होतीच. उबुंटूच्या पडद्यावरची निम्मी चिन्हं पीएनजी असतात, ती तिच्याशिवाय दिसणारच नाहीत. पण होती ती चालवण्यापुरती लायब्ररी, यंत्राच्या भाषेतली. कंपायलरला नुसती तेवढी पुरत नाही. त्याला हेडर फाइल लागते, ‘पीएनजी डॉट एच’. पीएनजी वाचायला सुरुवात करणारं एक फंक्शन आहे, त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात. त्या कोणत्या, कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रकारच्या, हे हेडरमध्ये लिहिलेलं असतं. कपडा शिवताना शिंप्याला माप लागतं, अंगात घालताना ते लागत नाही, तसं हे आहे. बहुतेक लोकांना कपडे नुसते घालायचे असतात, म्हणून डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी मापं वेगळ्या पॅकेजात ठेवली आणि त्याला ‘-डेव्ह’ ही शेपटी लावली. फेडोरावर तीच शेपटी ‘-डेव्हल’ अशी असते. ‘लायब्ररी तर आहे, तरी सापडत नाही म्हणतंय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे एवढंच असतं.

लेप्टोनिकाजवळ मात्र जरा थांबायला हवं, कारण आमचा दिवस तिच्यापायी गेला. लेप्टोनिका ही डॅन ब्लूमबर्ग यांनी लिहिलेली, चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी. पान तिरकं आलं असेल तर सरळ करणं, करड्या रंगाचं काळं-पांढरं करणं, ठिपके पुसणं, हे सगळं ती करते. टेसरॅक्ट स्वतः चित्राची फाइल उघडतच नाही. तो लेप्टोनिकाला सांगतो, आणि लेप्टोनिका लिबपीएनजीला.

त्या सकाळी कॉन्फिगरने थांबून सांगितलं की लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची हवी, लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज बसवून पाहा. आम्ही बसवलं. पुन्हा चालवलं. पुन्हा तोच निरोप, अक्षरनअक्षर तोच. भाची म्हणाली, “बसलंय की मामा, ओके आलं होतं.” बसलं होतं खरं. पण १६.०४ च्या भांडारातली लेप्टोनिका १.७३ होती. निरोपात आकडा होता आणि आम्ही नुसतं नाव वाचलं. ‘आहे का’ आणि ‘पुरेशी नवी आहे का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पूर्वतयारीच्या यादीत नावापुढे आकडा असेल तर आधी आकडा वाचावा आणि आपल्या मशीनवर काय आहे ते पीकेजी-कॉन्फिगला विचारावं. लेप्टोनिकासाठी त्याला ‘लेप्ट’ एवढंच नाव कळतं.

मग आम्ही जुनी काढून टाकली आणि लेप्टोनिकाही सोर्सपासून करायला घेतली, १.७९. म्हणजे पूर्वतयारीची पूर्वतयारी. इथे चूक झाली. मी यादी वाचत होतो, ती टाइप करत होती, एका ओळीत सहा-सात नावं. एपीटीने उत्तर दिलं की एक पॅकेज सापडत नाही. लिबपीएनजीच्या ऐवजी लिबपीजीएन असं टाइप झालं होतं, दोन अक्षरांची अदलाबदल. एपीटीचा नियम कडक आहे. ओळीतलं एक नाव चुकलं तर बाकीचीही तो बसवत नाही. मी म्हणालो, “ते एक राहू दे, काढून टाक, बाकीचं चालव. नंतर बघू.” तिने काढलं. बाकीची बसली. नंतर बघायचं राहून गेलं.

तरीही लेप्टोनिका तक्रार न करता कशी तयार झाली? कारण तिच्या कॉन्फिगरचा स्वभाव तसा आहे. लिबपीएनजी मिळाली तर घेतो, नाही मिळाली तर तिच्यावाचून करतो. त्या शेकडो ओळींत कुठेतरी पीएनजीपुढे नो असं लिहून आलं होतं, मी चहा ठेवत असताना. लेप्टोनिकाच्या सोर्समध्ये पीएनजी वाचणाऱ्या खऱ्या फाइलच्या शेजारी, जवळजवळ त्याच नावाची पण शेवटी ‘स्टब’ लावलेली दुसरी फाइल असते. तिच्यात तीच फंक्शनं, त्याच नावांनी. आत मात्र एकेक ओळ, ‘हे फंक्शन इथे नाही’ असं सांगून परत फिरणारी. रिकाम्या खोलीला लावलेलं दार. त्यामुळे जोडणी पूर्ण होते, टेसरॅक्टला सगळं जागच्या जागी दिसतं, आणि दार उघडायची वेळ आली की मगच कळतं.

हे टाळायचा उपाय साधा आहे आणि मला तो आधी माहीत असता तर दुपार वाचली असती. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरला ‘विथ-लिबपीएनजी’ असं स्पष्ट सांगायचं. मग लिबपीएनजी सापडली नाही तर तो गप्प बसत नाही, तिथेच थांबून एरर देतो. जी गोष्ट आपल्याला हवीच आहे, ती मिळाली तर ठीक अशा भरवशावर सोडू नये. बहुतेक कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये अशी ‘विथ’ किंवा ‘इनेबल’ची सोय असते, आणि ‘हेल्प’ विचारलं की तिची यादी मिळते. शिवाय कॉन्फिगर जे जे करून बघतो ते सगळं ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फाइलमध्ये लिहून ठेवतो. ही फाइल लांबलचक, कंटाळवाणी दिसते. तिच्यात ‘पीएनजी’ एवढा शब्द शोधला असता तरी पुरलं असतं.

तीनच्या पुढे लिबपीएनजी-डेव्ह बसवलं, लेप्टोनिकाचं आधीचं बांधकाम साफ करून पुन्हा कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. टेसरॅक्टला पुन्हा हात लावावा लागला नाही, कारण तो लेप्टोनिका चालताना जोडून घेतो. मग टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली. पहिल्या ओळीत त्याचा आकडा, दुसरीत लेप्टोनिकाचा, तिसरीत लेप्टोनिकाला कोणत्या चित्र-लायब्ररी येतात त्यांची नावं: लिबजेपीईजी, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब. वर सरकवून दुपारची तीच ओळ पाहिली. लिबपीएनजी नव्हतं. दुपारीही आम्ही आवृत्ती विचारली होती, आणि चारचा आकडा बघून खूश झालो होतो.

शेवटच्या टप्प्यात आणखी दोन गोष्टी राहतात, त्या लवकर सांगतो. सोर्सपासून बसवलेल्या लायब्ररी ‘यूएसआर लोकल’ या फोल्डरात जातात. त्या तिथे आल्याची खबर मशीनला द्यायची आज्ञा म्हणजे एलडीकॉन्फिग. ती राहिली तर प्रोग्राम सुरू होतानाच शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही असं म्हणतो. आणि भाषेची फाइल वेगळी उतरवावी लागते. मराठीची ‘एमएआर’ या तीन अक्षरांच्या नावाने मिळते आणि टेसडेटा या फोल्डरात ठेवायची असते. ती नसेल तर टेसरॅक्ट पूर्ण तयार असूनही त्याला एक अक्षर येत नसतं. यादीत बहुधा सॉफ्टवेअरचीच नावं असतात, पण डेटा हीसुद्धा पूर्वतयारीच.

साडेपाचला पहिलं पान वाचून झालं. बरंच नीट होतं. पण जुन्या टायपातला झ त्याला ओळखू येत नव्हता, जुन्या लेखनातले अनुस्वार काही ठिकाणी गळले होते, आणि एका ओळीत स्वयंपाक्याचा गुरू झाला होता: छापील ‘आचाऱ्यास’चं ‘आचार्यास’. आपल्या भाषेत या दोन र मध्ये अर्थाचं अंतर पडतं. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र.

याला उपाय टेसरॅक्टला शिकवणं. आणि शिकवायच्या अवजारांची पूर्वतयारी वेगळी आहे: आयसीयू, पँगो, कैरो. ही तीन नसतील तर कॉन्फिगर एरर देत नाही, फक्त इशारा देतो की ट्रेनिंगची अवजारं तयार होणार नाहीत, आणि पुढे जातो. शेवटी ‘आता मेक चालवा’ असंही म्हणतो. आम्ही पहिल्या दिवशी हे तिन्ही इशारे ओलांडून आलो होतो. एररला सगळे थांबतात. वॉर्निंगला थांबायची सवय लावून घ्यावी लागते.

अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररी कशाला? कारण शिकवताना हजारो ओळींची चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्रात काय लिहिलंय हे आधीपासून ठाऊक असावं लागतं. म्हणून मजकुरापासूनच चित्रं करतात. टेक्स्ट२इमेज नावाचं अवजार मराठी मजकूर घेतं, निरनिराळ्या फाँटमध्ये तो रेखाटतं, आणि कोणतं अक्षर कुठे पडलं त्याची नोंद ठेवतं. आयसीयूकडे युनिकोडचे नियम असतात. कैरो रेषा आणि वळणं काढते. पँगो मजकुराची ओळ रचते. तिचं नाव ग्रीक ‘पॅन’, म्हणजे सर्व, आणि जपानी ‘गो’, म्हणजे भाषा, यांच्या जोडीतून झालेलं आहे. पँगोच्या पोटात आणखी एक लायब्ररी असते, हार्फबझ, आणि तिच्याविषयी मला विशेष आपुलकी आहे.

हार्फबझ हे नाव आमच्या शहरातल्या माणसाला लगेच उकलतं. हर्फ म्हणजे अक्षर. इथल्या दख्खनी बोलणाऱ्या कुठल्याही घरात हा शब्द आहे. बाज म्हणजे उघडा. ओपनटाइप या फाँटच्या तंत्राचं फारसीत केलेलं नाव ते. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने ती घडवली. तिचं काम असं की आपण टाइप करतो क्रमाने, पण देवनागरी त्या क्रमाने दिसत नाही. ‘कि’ लिहिताना क आधी येतो आणि ऱ्हस्व इकार नंतर, पडद्यावर मात्र इकार आधी बसतो. ‘आचार्य’मधला र टाइप होतो य च्या आधी, आणि रफार होऊन चढतो य च्या डोक्यावर. ‘आचाऱ्या’त तोच र य च्या डाव्या अंगाला लहानसा वळणदार होऊन चिकटतो. कोणत्या र चं काय करायचं, हे हार्फबझ फाँटला विचारून ठरवते. एवढंच नाही, मराठीसाठी ल आणि श यांची रूपं हिंदीहून वेगळी असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात ती आहेत. फाँटमध्ये दोन्ही रूपं असली आणि भाषा मराठी सांगितली, की हार्फबझ मराठीची उचलते.

म्हणजे लिबपँगो हे नाव यादीत टाइप करताना आपण मागवत असतो ते आपल्या र, ल आणि श चं ज्ञान. ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणायची ही जागाच नव्हे.

फाँटही लागतातच, तेही आधीच बसवलेले. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फाँट उबुंटूच्या भांडारात पॅकेज म्हणून मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा उतरवून घेता येतो. निर्णयसागरी वळणाच्या जवळ जाणारा फाँट जितका मिळेल तितकं शिकवणं सार्थकी लागतं.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. एखाद्या पॅकेजची जुनी आवृत्ती भांडारात असेल तर ती करायला लागलेली बहुतेक सगळी ‘-डेव्ह’ नावं एका आज्ञेत मिळतात, एपीटी बिल्ड-डेप. त्यासाठी भांडारांच्या यादीतल्या सोर्सच्या ओळी चालू कराव्या लागतात. कुठलं हेडर कुठल्या पॅकेजात आहे हे एपीटी-फाइल सांगतं. नावं आवृत्तीगणिक बदलतात, १६.०४ वरचं लिबपीएनजी१२-डेव्ह पुढच्या उबुंटूत गेलं, म्हणून जुन्या पुस्तकातली ओळ जशीच्या तशी उतरवू नये. कॉलेजच्या लॅबमध्ये सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार नसेल तर स्वतःच्या फोल्डरात ‘प्रीफिक्स’ देऊन लायब्ररी बसवता येतात आणि पीकेजी-कॉन्फिगला तो पत्ता कळवता येतो. आणि लाइट जाणार असेल, नेट सकाळीच चांगलं चालत असेल, तर पॅकेजं आधी नुसती उतरवून ठेवायची सोय एपीटीत आहे. आमच्या भागात ती सोय मी पूर्वतयारीतच धरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. “आज यादी मी वाचते मामा. तुम्ही टाइप करा. एकेका ओळीत एकच नाव.”

तिने वाचलं, मी टाइप केलं. लिबआयसीयू-डेव्ह. लिबपँगो१.०-डेव्ह. लिबकैरो२-डेव्ह. प्रत्येकानंतर ती थांबून पीकेजी-कॉन्फिगला आकडा विचारायला लावत होती. कॉन्फिगर चालवला तेव्हा दोघंही जागचे उठलो नाही. तिन्ही इशारे गेले होते. मेक ट्रेनिंगला बराच वेळ लागला, पंखा घरघरत राहिला. मग तिने एका फाइलमध्ये एकच शब्द लिहिला, लोहित फाँट सांगितला आणि टेक्स्ट२इमेज चालवलं. टिफ फाइल उघडली. पांढऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक पण स्वच्छ, लिहिलेलं होतं: आचाऱ्यास. तिने ते मोठं करून पाहिलं, पडदा त्या र च्या वळणाने भरेपर्यंत.